बोटीला चालेल असं कपाट

पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही. आहे तो घाट उतरून खाली, कोकणात. शहरात पाण्यावर तरंगायची सोय म्हणजे थेरगावचा बोट क्लब आणि भोसरीचं तळं. उन्हाळ्यात पवनेवर जलपर्णी अशी दाटते की बोटीपेक्षा गवत कापायचं यंत्र पाण्यात उतरवावं असं वाटतं. तरीही रावेत, मोशी, चिखली, वाकड इथल्या कुठल्याही नव्या फ्लॅटमध्ये डोकावावं, ओट्याखालचं कपाट समुद्रप्रवासाच्या तयारीने बांधलेलं असतं. घरमालक दार उघडून आतल्या बाजूचा शिक्का दाखवतो. आयएस ७१०. मरीन प्लाय.

हा शिक्का काही उगाच मिळत नाही. भारतीय मानक ७१० प्रमाणे प्लायवुडचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि त्यानंतरही त्याचे थर एकमेकांना घट्ट धरून आहेत की नाही, ते तपासायचं. तीन दिवस, तीन रात्री. इतक्या वेळात कुठलीही तूरडाळ शिजते. घरात ओट्याखाली पाणी येतं ते सिंकच्या गळक्या पाइपातून, आणि ते गारच असतं. पण दुकानदाराने याच प्लायचा स्वस्त भाऊ समोर ठेवला, आठ तास उकळण्याची परीक्षा पास झालेला, की गिऱ्हाईक नाक मुरडतं. आठ तास तर शिफ्टला माणूसही उकळतो.

एकदा प्लाय बोटीचा घेतला की त्यावरचं पॉलिश तरी जमिनीवरचं कसं घ्यायचं? खरी गंमत इथून सुरू होते.

ती इथेच इतकी का रंगते, याला कारण आहे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, १९६६ साली टेल्को आली, मागोमाग वाहनधंद्यातलं अख्खं गोत आलं. २००९ साली चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. परिणामी या पट्ट्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये चार माणसं असली, तर त्यातला एक पेंट शॉपमध्ये असतो, एक क्वालिटीत, एक व्हेंडर डेव्हलपमेंटला, आणि चौथा या तिघांना माल पुरवून त्यांचं रिजेक्शन सोसत असतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालात खोट काढून पगार मिळवलेला माणूस स्वतःच्या टीव्ही युनिटचं पॉलिश ठरवायला बसला, की त्याच्यातला ऑडिटर जागा होतो. समोर उभा असतो पॉलिशवाला. हा बहुधा उत्तर प्रदेश किंवा राजस्थानातून आलेला, कानावर पेन्सिल, हातात मलमलचा बोळा, आणि त्याने जन्मात कधी कंट्रोल प्लॅन पाहिलेला नाही.

‘‘टॉप कोट किती मायक्रॉनचा देणार?’’ साहेब विचारतात.

‘‘साब, मायक्रॉन नहीं मालूम. दो हाथ सीलर, दो हाथ टॉप.’’

खरं तर हे उत्तर बिनचूक आहे. लाकडाच्या धंद्यात जाडी हातांत मोजतात. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, बारीक पॉलिशपेपरने घासायचा, पुसायचा, पुढचा हात. साहेबांच्या कारखान्यात मोटारीच्या पत्र्यावर खालच्या लेपापासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत सगळे थर मिळून साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन भरतात. म्हणजे माणसाच्या एकदोन केसांची जाडी. ती मोजायला खिशात मावणारं डीएफटी मीटर असतं आणि ते आकडा फाडकन सांगतं. ‘हात’ हे माप साहेबांना झेपत नाही. मग एखाद्या शनिवारी कंपनीतून ते मीटर घरी येतं. वॉर्डरोबच्या दारावर टेकवलं जातं. मीटर काहीच बोलत नाही. बोलणार कसं? ते चुंबकाच्या किंवा एडी करंटच्या तत्त्वावर चालतं, त्याला लेपाखाली लोखंड किंवा ॲल्युमिनियम लागतं. लाकडावर मोजायला अल्ट्रासॉनिक उपकरण लागतं आणि ते घरी आणण्याइतकी ओळख सगळ्यांची नसते. साहेब दारभर मीटर फिरवत राहतात आणि बिजागरीच्या स्क्रूपाशी आल्यावर एकदाचा आकडा उमटतो. ‘‘इथे बरोबर आहे,’’ असं समाधानाने म्हणून ते चहा मागवतात.

यानंतर चमक. पॉलिशवाल्याच्या हिशेबी चमक दोनच प्रकारची: ग्लॉसी आणि मॅट. वहिनींच्या हिशेबी तीन, कारण त्यांनी पिंपळे सौदागरच्या मैत्रिणीकडे सॅटिन पाहिलेलं असतं. साहेबांच्या हिशेबी शून्य ते शंभर. तेही खोटे नाहीत. चमक मोजायचं मीटर ६० अंशांच्या कोनातून प्रकाश टाकतं आणि किती परत आला ते मोजतं. गुळगुळीत काळ्या काचेच्या प्रमाण तुकड्याला १०० गुण. सत्तरच्या वर चमक गेली तर कोन २० अंशांचा करायचा, दहाच्या खाली आली तर ८५ चा. घरी हा सगळा सोपस्कार वहिनी एका नजरेत उरकतात. त्या नमुन्याची फळी खिडकीपाशी नेतात, मग ट्यूबलाइटखाली आणतात, मग तिरकी धरून बोटाने एक रेघ ओढतात. बोटाचा ठसा दिसला की फळी नापास. ही पद्धत कुठल्याही मानकात नाही. या लेखाच्या मते मात्र घराच्या बाबतीत हीच खरी, कारण पुढची पंधरा वर्षं ते दार बोटांनीच उघडायचं आहे.

मॅटमागचं गुपित मात्र यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नसतं. मॅट पॉलिश म्हणजे ग्लॉसी पॉलिशमध्ये सिलिकाची अतिबारीक पूड. या पुडीने वरचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो, प्रकाश विखुरतो, चमक मरते. ही पूड डब्याच्या तळाशी बसते. डबा ढवळला नाही तर पहिली दोन दारं आरशासारखी चमकतात आणि डबा संपता संपता शेवटचा ड्रॉवर पीठ सांडल्यागत पांढुरका निघतो. साहेब याला ‘बॅच टू बॅच व्हेरिएशन’ म्हणतात आणि पॉलिशवाला ‘लाइट का फरक’. काठी मात्र डब्याशेजारी कोरडी पडलेली असते.

इथे खरे बोटवाले काय करतात ते पाहण्यासारखं आहे. शिडाच्या नौकेत आतल्या लाकडावर कुठलं वार्निश द्यायचं, हा वाद जगभरच्या नौकाबाजांत चालतो आणि तो बराचसा इथल्यासारखाच असतो: चकचकीत की मंद? त्यांच्यातली जुनी रीत अशी, की खालचे सगळे हात चकचकीत वार्निशाचे द्यायचे आणि फक्त शेवटचा हात सॅटिनचा. सिलिकाचे थरावर थर चढवले तर लाकडाचे रेषे धुरकट दिसतात. चकचकीत थर पारदर्शक राहतो आणि तो तुलनेने कडकही असतो. आतून मंद कशासाठी, तर नौकेची केबिन अरुंद असते, दिवा डोक्याशी आणि फळी नाकाशी, त्यात चकाकी डोळ्यांत जाते. चिखलीच्या वन बीएचकेमधल्या बेडरूमला हे सगळं अक्षरशः लागू आहे. वॉर्डरोब आणि पलंग यांच्यात जेवढी जागा उरते, त्याहून जास्त नौकेच्या केबिनीतही असावी.

पण आतल्या लाकडाचा विचार करायला कुणाला वेळ असतो? साहेब रात्री मोबाइलवर ‘यॉट वार्निश’ शोधून काढतात. डब्यावर निळा समुद्र, पांढरं शीड. ऊन, पाऊस, खारं पाणी, सगळं सोसतं म्हणे. सोसतंच. ते मुळात डोलकाठीसाठी बनलेलं आहे. वाऱ्याने काठी वाकते, तिच्याबरोबर लेपालाही वाकता आलं पाहिजे, नाहीतर चिरा पडून पाणी शिरेल. म्हणून त्यात तेलाचं प्रमाण जास्त ठेवतात आणि उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्यं घालतात. तेल जास्त म्हणजे लेप लवचीक, लवचीक म्हणजे मऊ. डायनिंग टेबल वाऱ्याने वाकत नाही. त्यावर हे वार्निश सावकाश वाळतं, पिवळसर झाक देतं आणि पुरतं मुरेपर्यंत वर ठेवलेली जड वस्तू धरून ठेवायला बघतं. वर्तमानपत्र ठेवलं तर मथळा उलटा उमटेल. गणपतीच्या चौरंगाला घाईघाईत हे लावलं, तर विसर्जनाला चौरंगासकट जायची वेळ यायची.

समुद्राशी खरोखर गाठ पडलेल्या नौका गोव्यात बनल्या. ‘म्हादेई’ मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये २००९ साली तयार झाली. लाकडी पट्ट्यांवर इपॉक्सी आणि काचतंतूंचं वेष्टण अशी तिची कुडी. त्याच वर्षी कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. दांडेकरांच्याच होडी इनोव्हेशन्समधून अलीकडे ‘कौंडिण्य’ उतरली. अजिंठ्याच्या लेण्यात रंगवलेल्या जहाजावरून बेतलेली, फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेली. मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली आणि पुढे पोरबंदरहून मस्कतला शिडावर गेलीसुद्धा. तिच्या फळ्यांना फ्लॅटमधलं पीयू पॉलिशही नाही आणि मेलामाइनही नाही. नैसर्गिक राळ आणि माशाचं तेल. अरबी समुद्रात शतकानुशतकं सिद्ध झालेलं खरंखुरं मरीन फिनिश हे आहे. आकुर्डीच्या एखाद्या शुद्ध शाकाहारी सोसायटीत ते टीव्ही युनिटला लावून बघावं.

साहेबांच्या कारखान्याने घरातल्या सुतारकामाला बरंच काही दिलंय, हे मात्र मानायला हवं. मोटारी आल्या तेव्हा त्यांच्यावर बग्गीवाल्यांचंच वार्निश असे. हातावर हात देत, वाळवत, घासत एक गाडी रंगवायला आठवडे लागत. फोर्डने १९१४ ते १९२५ ‘मॉडेल टी’ फक्त काळ्या रंगात दिली, कारण ते काळं एनॅमल स्वस्त आणि टिकाऊ होतं. मग ड्यूपाँटचं नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं. नाव ड्यूको. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर ते निळ्या रंगात झळकलं, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. शंभर वर्षं होऊन गेली, गाड्यांवर आता ते कुणी मारत नाही. पण पिंपरीतल्या सुताराला कपाटाला गुळगुळीत रंग मारायला सांगितलं तर तो विचारतो, ‘‘ड्यूको करायचं का?’’ पॉलियुरेथेनचंही तसंच. जर्मनीत लेव्हरकुझेनला ऑटो बायर यांनी १९३७ साली त्याचं रसायन शोधलं. आज चाकणच्या गाड्यांवरचा क्लिअर कोट आणि वाकडच्या वॉर्डरोबवरचं ‘पीयू’ हे चुलतभाऊ आहेत. गाडी भट्टीतून भाजून निघते आणि वॉर्डरोब पंख्याखाली वाळतो, एवढाच फरक. वॉर्डरोबला भट्टी मिळत नाही याचं साहेबांना मनापासून वाईट वाटतं.

मर्सिडीजची तऱ्हा तर अजून मजेशीर. चाकणला येण्याआधी, १९९५ साली या कंपनीची ई-क्लास पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळू लागली. तिच्या डॅशबोर्डवरची लाकडी पट्टी काचेसारखी चकचकीत असे, आणि ती पाहून मध्यमवर्गाने आपली शोकेस चकचकीत करून घेतली. हल्ली महागड्या गाड्यांत लाकूड ‘ओपन पोअर’ असतं: रेषे उघडे, लेप पातळ, हाताला खरखरीत. सुताराने तीस वर्षांपूर्वी असं काम दिलं असतं, तर त्याला ‘पॉलिश अर्धवट सोडलं’ म्हणून हाकलला असता. आज तेच मागायला स्क्वेअर फुटाला जास्त पैसे मोजावे लागतात.

ज्यांच्याकडे सागाचे पैसे नाहीत त्यांच्यासाठी या पट्ट्यात वेगळाच खजिना आहे. परदेशातून यंत्रं येतात ती पाइनच्या खोक्यांतून. या खोक्यांतून किडे देशोदेशी जाऊ नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय नियमाने लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं आणि त्यावर कणसाचं चिन्ह, देशाची अक्षरं आणि ‘एचटी’ असा छाप मारायचा. यंत्र कारखान्यात जातं, खोकं भंगारात. कुदळवाडीच्या गोदामांतून वर्षानुवर्षं हे लाकूड फिरून बाजारात येत राहिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामं पाडली तेव्हा भंगाराचा हा सगळा संसार पांगला. त्या लाकडाचे पलंग, झोपाळे, बुकशेल्फ मात्र घराघरांत आहेत. अशा शेल्फला पॉलिश करताना प्रश्न चमकेचा नसतो. जर्मनीचा छाप घासून काढायचा की वरून पारदर्शक हात मारून मिरवायचा? क्वालिटीतला माणूस छाप ठेवतो. या घरात उष्णता-प्रक्रियेचं सर्टिफिकेट असलेली ती एकमेव वस्तू असते.

मग जुलै येतो. घराचा ताबा लांबलेला, श्रावणात पाहुणे येणार, त्यामुळे पॉलिश भर पावसात. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याला हवेतल्या ओलाव्याची भयंकर ओढ. पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि लेपात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे अडकतात. कारखान्यात बूथमधली हवा गाळून, तिचा ओलावा आणि तापमान बांधून देतात. फ्लॅटमध्ये पॉलिशवाला हॉलच्या दाराला प्लास्टिक लावतो आणि एकदा आभाळाकडे बघतो. एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पीयू स्प्रे करणाऱ्याला कारखान्यात हवापुरवठ्याचा मास्क देतात, कारण आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. फ्लॅटमध्ये तेच काम करणारा तोंडाला रुमाल बांधतो. मायक्रॉन विचारणाऱ्या साहेबांनी एक चांगला मास्क आणून दिला, तर ऑडिटचे निम्मे गुण तिथेच मिळावेत.

मेलामाइन निवडणाऱ्यांची कथा वेगळी. त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतं आणि डोळे चुरचुरतात. सासूबाई डोळे पुसत बाल्कनीत बसतात, शेजारीण घरात काही झालं का म्हणून चौकशीला येते, आणि पाच मिनिटांनी तीही डोळे पुसत बाहेर पडते. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे हात जोडलेले दिसू लागतात.

सासूबाईंनी बार्शीहून आपल्याबरोबर एक आरामखुर्ची आणलेली असते. तिच्यावर लाखेचं पॉलिश. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरचे चिमुकले किडे ही लाख तयार करतात. तीच चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने लाकडावर घोळवायची. त्याच लाखेच्या एकेकाळी ग्रामोफोनच्या तबकड्या बनत आणि आजही औषधाच्या गोळ्यांना तिचा लेप देतात. गरम चहाचा कप ठेवला की या पॉलिशवर पांढरं कडं उमटतं, म्हणून साहेबांनी ते पहिल्याच फेरीत बाद केलेलं. पण नवा हात मारला की स्पिरिटमुळे जुना थर विरघळून त्यात मिसळतो, जोड दिसत नाही. पॉलिशवाल्याने जेवणाच्या सुट्टीत, पैसे न सांगता, ती खुर्ची बाल्कनीत घेऊन बोळा फिरवला आणि चहाची तीन कडी घालवली. साहेबांनी याची नोंद कुठेच केली नाही.

पीयूचं तसं नसतं. तो लेप एकदा जमला की स्पिरिटलाच काय, कशालाच दाद देत नाही. डायनिंग टेबलवर आठवड्याभरात ओरखडा उमटला, तेव्हा एवढ्याशा जागी हात मारता येईना. पूर्ण फळी घासून पुन्हा स्प्रे करायची. साहेबांनी पॉलिशवाल्याला बसवून कारखान्याच्या शिस्तीने पाच वेळा ‘का’ विचारायला घेतलं. ओरखडा का? किल्ल्या आपटल्या म्हणून. का आपटल्या? साहेब चिडले होते. का? घरी यायला रात्रीचे दहा वाजले. का? गाडी दोन तास एका जागी उभी. का? चाकण चौकात ट्रॅफिक. मूळ कारण सापडल्यामुळे साहेबांचा चेहरा खुलला. कारवाई कुणी करायची, या रकान्यापाशी पेन अडलं.

‘‘वो तो सरकार का काम है, साब,’’ पॉलिशवाला उठत म्हणाला. ‘‘पॅनल मैं गणपती के बाद कर दूंगा.’’